पोटाखालची ऊब

१

सकाळी कामावर निघण्यापूर्वी मेस्त्री लेकीच्या खोलीत डोकावत. लेक शिकायला परगावी गेली, तेव्हापासूनचा हा नेम. खोलीत तिचा पलंग होता, टेबल-खुर्ची होती, भिंतीला टेकून एक बुटकं कपाट होतं आणि कपाटावर काचपेटी. पेटीत साहेब राहायचा.

साहेब म्हणजे लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, गुबगुबीत शेपूट आणि घरातल्या पालींना नसतात तशा पापण्या. त्या अर्धवट मिटून तो समोरच्याकडे असा बघायचा, की आपणच काहीतरी अर्ज घेऊन आलोय असं वाटावं. म्हणून लेकीनं नाव ठेवलं साहेब. मेस्त्रींच्या बायकोच्या लेखी मात्र ती पालच. ती त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे. केर काढायचा झाला तर दारातून लांब दांड्याचा झाडू फिरवायची.

"बाबा, तो ऊब वरून घेत नाही, पोटाखालून घेतो," लेकीनं जाताना बजावलं होतं. "पोटाखाली ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाही त्याला, पोटातच सडतं. बाकी काही विसरलास तरी चालेल, एवढं सांभाळ."

पेटीच्या अर्ध्या भागाखाली वहीएवढी पातळ, विजेवर तापणारी गादी होती. तिला जोडलेला थर्मोस्टॅट ती बत्तीस अंशांवर राखायचा. दुसरी बाजू थंड ठेवायची, म्हणजे त्याला जिथे बरं वाटेल तिथे त्यानं जावं. दोन्ही बाजूंना दडायला मातीच्या छोट्या गुहा. मेस्त्रींना हे सगळं मनापासून आवडायचं. ते फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळायला होते. दिवसभर थंडी राखायची आणि घरी येऊन पालीची ऊब बघायची, कोणाचं काय तर यांचं काय, असं बायको म्हणायची आणि ते हसायचे.

त्या सकाळी पेटीवरच्या तापमापकाचा आकडा सदतीस होता.

मेस्त्रींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सदतीसच. साहेब थंड बाजूच्या टोकाला मागच्या पायांवर उभा होता, पोट काचेला घट्ट चिकटवून. जणू तिथून आणखी पुढे सरकता आलं असतं तर सरकला असता.

"गेला वाटतं थर्मोस्टॅट," मेस्त्री स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी गादीचा प्लग काढून ठेवला आणि कामावर गेले.

२

संध्याकाळी घरी आले तेव्हाही आकडा सदतीसच होता.

प्लग काढलेला, वायर टेबलावर तशीच पडलेली. मेस्त्रींनी पेटी किंचित उचलून खालची गादी ओढून काढली. ती हाताला गार लागली. मग त्यांनी कपाटाच्या लाकडावर तळवा ठेवला, आणि लगेच उचलला. लाकूड गरम होतं. चटका बसेल असं नाही. आपल्या आधी कोणीतरी हात ठेवून गेलं असावं, तसं.

त्यांनी कपाट उघडलं. आत लेकीचे जुने कपडे घडी घालून ठेवलेले. वरचा स्वेटर उचलला तर तोही ऊबदार. नुकताच अंगातून काढल्यासारखा.

यंत्रांच्या माणसाला आधी कारण सुचतं. भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जात असेल. मेस्त्री खाली घरमालकीणबाईंना विचारून आले. पाइप होते ते पलीकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीत. मग भिंतीतली विजेची वायर तापत असेल. त्यांनी मेन स्विच बंद केला. घरात अंधार झाला. अंधारात ते कपाटाला हात लावून उभे राहिले. ऊब कमी होईना.

"अहो, काय चाललंय तिकडे?" बायको बाहेरून म्हणाली. "दिवे का घालवलेत?"

"जरा इकडे ये. हात लावून बघ."

"मी नाही येणार त्या पालीपाशी."

"पेटीत घालू नकोस हात. कपाटाला लाव नुसता."

बरीच मनधरणी केल्यावर ती आली. पेटीकडे न बघता तिनं कपाटाच्या कडेला तळहात टेकवला.

"काय वाटतं?" मेस्त्रींनी विचारलं.

"पोरगी लहानपणी तापातून उठायची ना," ती म्हणाली, "तेव्हा तिचं कपाळ बघायचे मी. ताप उतरला की असंच लागायचं हाताला." तिनं हात पदरात गुंडाळून घेतला. "अंगाची ऊब आहे ही. लाकडाची नव्हे."

३

कोल्ड स्टोरेजमध्ये मेस्त्रींकडे एक गन होती. पिस्तुलासारखी धरायची, चाप ओढला की समोरच्या वस्तूवर लाल ठिपका पडतो आणि गनच्या पाठीवर त्या वस्तूचं तापमान उमटतं. शिडी न लावता छताचे पाइप तपासायला बरी. ती ते घरी घेऊन आले.

सुटीची दुपार होती. खिडकीतून पांढरट ऊन येत होतं. मेस्त्री दारात उभे राहून एकेक वस्तू टिपत गेले. भिंत, सोळा. पलंग, सोळा. टेबल, सोळा. हिवाळ्यात बंद खोलीत असायला हवा तसाच आकडा. मग कपाट. तेही सोळा.

त्यांना हायसं वाटलं. कसलं का असेना, मिटलं एकदाचं. ते साहेबाला अळ्या घालायला पुढे झाले, तेवढ्यात लेकीच्या वेताच्या खुर्चीतून आवाज आला. वेत दबलेला असतो आणि माणूस उठला की सैल होताना कुरकुरतो, तो आवाज.

मेस्त्रींनी गन वळवली. खुर्चीची बैठक, सदतीस. पाठ, सदतीस. हात, सदतीस. बघता बघता आकडे उतरू लागले. छत्तीस, चौतीस, तीस. कोणी उठून गेल्यावर उतरावेत तसे.

स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आता गन कुठे रोखायची हा प्रश्न होता. मागे वळून रोखायचं धैर्य होत नव्हतं. शेवटी त्यांनी ती खिशात घातली, अळ्यांची डबी टेबलावर तशीच सोडली आणि भिंतीला पाठ लावून सरकत सरकत बाहेर आले.

त्यांच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. थंडी म्हणून काही तयार करता येत नाही. ऊब एकीकडून काढायची आणि दुसरीकडे टाकायची, एवढंच यंत्र करतं. म्हणजे एखादी जागा कशाशिवायच ऊबदार होत असेल, तर ती ऊब कुठून तरी निघत असणार. मेस्त्री स्वयंपाकघरात बसून हाच विचार करत होते. बायको समोर भाजी चिरत होती. अंगात दोन स्वेटर, पायांत मोजे, तरी तिची बोटं निळसर दिसत होती.

"यंदा थंडी जास्तच आहे," ती म्हणाली. "दुकानात पडदे शिवताना काही वाटत नाही. घरात आलं की हाडात शिरते."

मेस्त्रींनी तिचा हात हातात घेतला. त्यांच्या स्वतःच्या हाताला तो गार लागला नाही. दोघांचे हात सारखेच गार होते.

४

पुढच्या सकाळी साहेबाची शेपूट पेटीच्या मधोमध पडली होती आणि अजून वळवळत होती.

अशी पाल शेपूट टाकते ती सहसा कोणी धरलं तरच, हे मेस्त्रींना लेकीकडून ठाऊक होतं. पेटीचं झाकण चारही बाजूंनी चिमट्यांनी बंद होतं. चिमटे जागच्या जागी. साहेब थंड गुहेत तोंड खुपसून बसला होता आणि मागचा आखूड लालसर बुंधा बाहेर दिसत होता.

संध्याकाळी मेस्त्रींनी बायकोला सगळं सांगून टाकलं. खुर्चीचंसुद्धा. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, किंबहुना ती हसावी म्हणूनच त्यांनी सांगितलं. ती हसली नाही.

"पेटी बाहेर घेऊन या," ती म्हणाली.

"तुला चालेल? बैठकीच्या खोलीत?"

"पाल तर पाल. तिला तिथं एकटी ठेवू नका."

पेटी बैठकीच्या खोलीत आली. नवा थर्मोस्टॅट आणला, गादी पुन्हा खाली सरकवली, आकडा बत्तीसवर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. दोन-तीन दिवसांत साहेब ऊबदार गुहेत पोट टेकवून झोपू लागला, मग एक अळी खाल्ली, मग आणखी. एकदा तर बायकोला लांबून त्याच्याशी बोलताना मेस्त्रींनी ऐकलं. "खा बाबा, खा. शेपूट येते परत म्हणतात."

लेकीच्या खोलीला त्यांनी बाहेरून कडी घालून कुलूप लावलं. किल्ली स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या खिळ्यावर अडकवली. घरातल्या एका खोलीला कुलूप लावलं की इतर खोल्या लहान वाटू लागतात. दोघंही त्या दारासमोरून जाताना भिंतीच्या पलीकडच्या कडेनं जात.

एकदा मेस्त्रींनी जाता जाता गन त्या दारावर धरली. लाकूड सोळा. कडी सोळा. दाराची पितळी मूठ सदतीस.

मूठ पलीकडून धरली की अलीकडेही ऊब येते, पितळच ते. त्यांनी स्वतःला असं समजावलं, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात आल्यावर गन ड्रॉवरमध्ये टाकून दिली.

५

लेकीला सुटी लागणार होती. मेस्त्रींनी फोनवर तिला सांगितलं, की खोलीत ओल आलीय, रंग काढायचाय, यंदा मैत्रिणीकडे राहा.

"आणि साहेब?"

"मजेत आहे."

"बाबा, तू खोटं बोलायला लागलास की तुझा आवाज बारीक होतो. त्याला काही झालंय का?"

"शेपूट टाकली त्यानं. पण खातोय आता."

"कोणी धरलं त्याला?" तिनं विचारलं.

मेस्त्रींनी कामाचं निमित्त काढून फोन ठेवला.

त्या भागातली वीज गेली तो दिवस ढगाळ होता. कोल्ड स्टोरेजला जनरेटर होता, त्यामुळे मेस्त्रींना पत्ता लागला तो दुपारी, लेकीचा निरोप आला तेव्हा. "घरी पोचले. लाइट नाही. साहेब गारठून कडक झालाय, पण काळजी करू नकोस, त्याला ऊब मिळाली."

मेस्त्रींनी तो निरोप दोनदा वाचला. घरातली शेगडी विजेची. पाणी तापवायचं तेही विजेवर. त्यांनी फोन लावला, तो वाजत राहिला. मग बायकोला लावला.

"दुकानातून नीघ," ते म्हणाले. "पोरगी आलीय."

"कुठल्या खोलीत आहे?" बायकोनं विचारलं.

मेस्त्री धावत सुटले.

६

खिळ्यावर किल्ली नव्हती. बैठकीतली काचपेटी उघडी होती. तोंडातून वाफ निघत होती इतकं घर गारठलेलं. लेकीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि फटीतून ऊब येत होती. तोंडावर, गळ्यावर, कॉलरच्या आत.

मेस्त्रींनी दार ढकललं.

लेक पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं, पाय पोटाशी, छातीशी रुमालात गुंडाळलेला साहेब. खिडकीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय. घरात एवढी एकच खोली गरम, आणि तिलाच कुलूप."

"चल बाहेर."

"थांब ना जरा. किती बरं वाटतंय. साहेब पण बघ, लगेच मऊ पडला."

येताना मेस्त्रींनी ड्रॉवरमधली गन उचलली होती. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लाल ठिपका भिंतीवर पडला. सदतीस. छतावर, सदतीस. फरशी, खिडकीची चौकट, पलंगाची पाटी, सगळं सदतीस. खोलीत ते कुठे आहे हे आता शोधायचं उरलंच नव्हतं. ठिपका फिरत फिरत चुकून लेकीच्या गालावर आला.

बावीस.

गन हातातून गळून पडली. मेस्त्रींनी दोन ढांगांत पलंग गाठला आणि लेकीला पांघरुणासकट उचललं. तिचे हात बर्फासारखे होते. ओठ पांढरेफटक, आणि त्या ओठांवर हसू.

"झोपू दे ना," ती म्हणाली.

जिन्यात बायको धापा टाकत वर येत होती. दोघांनी मिळून पोरीला खाली घरमालकीणबाईंकडे नेलं. त्यांच्याकडे लाकडाची शेगडी पेटलेली होती. बाईंनी पोरीला शेगडीशी बसवलं, हातपाय चोळायला घेतले. थोड्या वेळानं ती थडथडा कापायला लागली, आणि बायको रडायला लागली. कापतेय म्हणजे अंगात जीव आहे, एवढं तिला कळलं.

कापता कापताच लेकीनं छाती चाचपली.

"साहेब राहिला वर," ती म्हणाली. "बाबा, साहेब पलंगावरच राहिला."

७

मेस्त्रींच्या जागी दुसरा कोणी असता तर गेला नसता, असं बायको पुढे म्हणायची. मेस्त्री म्हणायचे, पोरगी तशी बघत होती माझ्याकडे, जाणार नाही तर काय करणार.

वर दार तसंच उघडं होतं. आतला उजेड राखाडी. मेस्त्रींनी उंबऱ्यातूनच पलंगाकडे पाहिलं. गादीवर रिकामा रुमाल पडला होता. साहेब रुमालात नव्हता.

तो गादीपासून वीतभर वर होता.

चारी पाय पसरून, पोट टेकवून, पापण्या मिटून तो निवांत झोपला होता, आणि त्याच्याखाली काही नव्हतं. उशी नव्हती, पांघरूण नव्हतं. खाली गादी दिसत होती, गादीवरच्या चादरीची फुलं दिसत होती. मेस्त्री बघत राहिले. साहेब हळूच वर गेला, क्षणभर थांबला, हळूच खाली आला. पुन्हा वर. पुन्हा खाली. झोपलेल्या माणसाच्या छातीवर मांजर असतं तसा.

डोळ्यांचा भ्रम, असं मेस्त्रींनी मनाशी म्हणून पाहिलं. काचा धुरकटल्यात, धावपळ झालीय, डोकं ठिकाणावर नाही. म्हणता म्हणता ते पलंगाजवळ पोचले होते. त्यांनी वरून हात नेला आणि साहेबाला दोन्ही बाजूंनी धरलं. तो निघेना. त्याची नखं कशाततरी रुतली होती. मेस्त्रींनी एकेक पाय बोटानं सोडवला. सोडवताना बोटांची टोकं खाली लागली. काय लागलं हे ते कधीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की लागल्यावर ती छाती खाली जायची थांबली. श्वास धरल्यासारखी.

साहेब सुटला. मेस्त्रींनी त्याला शर्टाच्या आत, पोटाशी धरलं.

तेव्हा पलंगाच्या पट्ट्या कुरकुरल्या. गादीवरचा मधला खळगा भिंतीकडे सरकला आणि अलीकडची अर्धी गादी फुगून मोकळी झाली. रागानं नव्हे, धसमुसळेपणानं नव्हे. उशिरा घरी आलेल्या माणसाला घरचं कोणी जागा करून देतं, तसं.

पुढचं मेस्त्रींना आठवतं ते बायकोच्या आवाजापासून.

"अहो," ती दारातून म्हणत होती. जन्मात ती त्या उंबऱ्याच्या इतकी जवळ स्वतःहून आली नसेल. "अहो, या ना बाहेर. अहो."

"आलो की," मेस्त्री म्हणाले. "आत्ता तर आत शिरलो."

पुढे होऊन तिनं त्यांचं मनगट धरलं, ओढतच जिन्यापर्यंत आणलं, आणि खाली येईपर्यंत सोडलं नाही.

त्याच संध्याकाळी तिघंही बायकोच्या भावाकडे राहायला गेले. त्यानं गाडी आणली होती. लेक मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, गाल पुन्हा लाल झाले होते. साहेब गरम पाण्याच्या पिशवीवर, डब्यात. मधूनमधून डबा उघडून बायको आत बघत होती. आता तिला किळस वाटत नव्हती.

बराच रस्ता गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "मी किती हाका मारल्या तुम्हाला. खालून मारल्या, जिन्यातून मारल्या. पोरगी कापायची थांबली, चहा प्यायली, तरी तुमचा पत्ता नाही."

"एवढा वेळ नव्हतो मी."

"पाय बघा तुमचे."

मेस्त्रींनी खाली पाहिलं. दोन्ही पाय अनवाणी होते. शर्टाची वरची बटणं सोडलेली होती, आणि मनगटावर घड्याळ नव्हतं.

"बूट कुठायत?" त्यांनी विचारलं.

"पलंगाखाली," बायको म्हणाली. "नीट जोडीनं ठेवले होतेत, मोजे आत घालून. घड्याळ उशाशी."

भावानं आरशातून एकदा मागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावली. मेस्त्रींनी पाय सीटखाली ओढून घेतले. गाडीतला हीटर चालू होता, तरी तळवे गार होते. वर पलंगावर ते गार नव्हते, हे त्यांना आता आठवत होतं.